बेळगावचा बिडाचा नांगर

१९०३ साली बेळगावातल्या एका लहानशा कारखान्यात लोखंडी नांगर तयार झाले. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष उतरते, पीक करपते, असे शेतकरी म्हणत. कारखान्याचे मालक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर तेव्हा चौतीस वर्षांचे होते. मुंबईतली मास्तरकी सोडून ते गावाकडे आले होते आणि हाताशी होती ती सगळी पुंजी त्यांनी या न खपणाऱ्या अवजारात घातली होती.

धातुकामाचा इतिहास सांगताना आपण बहुधा तलवारीपाशी, तोफेपाशी, नाण्यांपाशी रेंगाळतो. त्या वस्तू दिमाखदार असतात आणि वस्तुसंग्रहालयांत जपल्या जातात. नांगराचा फाळ कोणी जपत नाही. तो झिजतो, मोडतो, भंगारात जातो. तरीही माणसाच्या पोटाशी ज्या धातूचा खरा संबंध आला, तो या फाळातलाच. धातू सापडल्याने इतिहास बदलत नाही. तो धातू शेतकऱ्याला परवडू लागला, आणि मोडला तर गावातच बदलता येऊ लागला, की मग इतिहास बदलतो. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात हा बदल कसा घडला, याची ही हकिकत आहे.

लोखंड या मुलखाला नवे नव्हते. बेळगावच्या दक्षिणेला, आजच्या हावेरी जिल्ह्यात तुंगभद्रेकाठी हल्लूर नावाचे गाव आहे. तिथल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची लोखंडी अवजारे निघाली. विदर्भात नागपूरजवळच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. वक्राकार विटा रचून बांधलेली, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या असलेली ही भट्टी ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात आणि बेळगावच्याच वडगाव-माधवपूरमध्ये सातवाहनकाळातली नगरे उकरून निघाली. ब्रह्मपुरीच्या मातीतून तर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती हाती आली. ती आजही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळते. घाट उतरून बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवरचा हा मुलूख. धातू इथे घडत होता, ओतला जात होता आणि दूरदेशीहून येतही होता.

मात्र लोखंडाच्या बाबतीत आपल्याकडची वाट वेगळी होती, आणि ती समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. मातीच्या भट्टीत खनिज आणि कोळसा थरावर थर रचून भाता मारत राहिले की आच हजार-बाराशे अंशांपर्यंत चढते. एवढ्या आचेला खनिजातली मळी वितळून वाहते, लोखंड वितळत नाही. ते स्पंजासारखा गोळा होऊन भट्टीच्या तळाशी बसते. तो गोळा बाहेर काढायचा, तापवायचा, घणाखाली ठोकून ठोकून त्यातली उरलेली मळी पिळून काढायची. मग जे उरते ते घडीव लोखंड: चिवट, वाकणारे, ठोकून आकार घेणारे. चीनमध्ये मात्र ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकापासून दुसरी वाट चालू झाली. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, पण त्यात कोळशाचा अंश पुरेसा मुरला की ते साडेअकराशे-बाराशे अंशांतच पाण्यासारखे होते. साच्यात ओतले की हवा तो आकार. हे ओतीव लोखंड म्हणजे आपले बीड. चिनी शेतकऱ्याच्या नांगराला दोन हजार वर्षांपूर्वी बिडाचे फाळ होते. आपल्याकडे घडीव लोखंडाची कारागिरी जगात नावाजली, पण बीड ओतणे रुजले नाही.

ओतकामाची हिकमत नव्हती असे मात्र नाही. तांबे, पितळ, काशाच्या ओतकामात दख्खनी कारागीर कोणाला हार जाणारे नव्हते. ती हिकमत गेली मूर्तीत, घंटेत आणि तोफेत. बहमनी वजीर महमूद गावानच्या फौजेने १४७३ च्या सुमारास बेळगावचा किल्ला घेतला, तेव्हा तटाखाली सुरुंग खणून दारूने तट उडवला. दख्खनेत सुरुंगाचा असा वापर तोवर कोणी केला नव्हता, असे फिरिश्ता हा इतिहासकार नोंदवतो. पुढच्या शतकात तोफांचे युग पुरते अवतरले. अहमदनगरला १५४९ साली महंमद बिन हसन रूमी याने 'मलिक-ए-मैदान' ओतली. सुमारे पंचावन्न टन वजनाची ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. एका साच्यात एवढा धातू एका दमात ओतणे हे त्या काळी जगातल्या मोजक्याच ठिकाणी जमणारे काम होते. त्याच वेळी त्या तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यातला शेतकरी काळी जमीन नांगरत होता ती बाभळीच्या लाकडाने. टोकाला वीतभर लोखंडाचा फाळ, तोही महाग म्हणून जपून वापरलेला. १८५४ साली इंग्रजांनी या तोफेचा लिलाव पुकारला. बोली आली दीडशे रुपयांची. तो व्यवहार पुढे रद्द झाला, म्हणून तोफ वाचली. इतर कित्येक जुन्या तोफा वाचल्या नाहीत, आणि त्यांतल्या काहींचे पुढे काय झाले ते या लेखात येणारच आहे.

फाळाचे लोखंड कुठून येई? सह्याद्रीच्या माथ्यावरून. महाबळेश्वरपासून भुदरगड-चंदगडपर्यंतच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर लोहखनिज उघड्यावर मिळते. ते गाळणाऱ्यांत धावड नावाची जमात मुख्य. रानातल्या लाकडाचा कोळसा पाडायचा, भट्टी पेटवायची, लोखंडाचा गोळा ठोकून बाजारात आणायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर १८८० च्या दशकात छापले गेले. त्यात कोल्हापूर भागातल्या विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या टापूंतल्या लोखंडाची नोंद येते, ती धंदा संपत आल्याच्या सुरातच. कारणे दोन. इंग्लंडमधून आगबोटीने येणारे लोखंड स्वस्त पडू लागले आणि कोळसा महाग झाला. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानात कुऱ्हाड घालायची सोय उरली नाही. घाटमाथ्यावरची भट्टी विझली ती कौशल्य कमी पडले म्हणून नव्हे. तिचे इंधन कुलपात गेले आणि गिऱ्हाईक बंदरावर गेले. धावडांतले पुष्कळजण मोलमजुरीला लागले. हजारो वर्षांची एक विद्या एका पिढीत संपली, आणि तिच्या शेवटच्या जाणकारांची नावेसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत, याची मला मोठी खंत वाटते.

गावातला लोहार टिकला. त्याला लोखंड विलायती असले तरी चालत होते. भाता, ऐरण, घण, सांडशी एवढ्या भांडवलावर तो गावाची सारी अवजारे सांभाळी. फाळ बोथट झाला की शेतकरी तो लोहाराकडे नेई; लोहार तो तापवून, टोक ठोकून शेवटून देई. वर्षाच्या शेवटी खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले. नांगराचे खोड, हाळीस, रुमणे ही सुताराची बाजू. फाळ खोडाला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी वसू लोहाराची. अशा नांगराने चिकोडी-निपाणीकडची काळी जमीन नांगरायची तर तीन-तीन, चार-चार बैलजोड्या लागत. आणि एवढे करूनही तो नांगर जमीन फाडत जाई, उलटत नसे. हरळी आणि कुंदा यांची खोल गेलेली मुळे तशीच राहत. कुंद्याने भरलेले रान म्हणजे पडीक पडायच्या वाटेवरचे रान, असे जुने शेतकरी मानत.

त्यातच दुष्काळ आले. १८७६-७८ चा, मग १८९६-९७ चा, आणि लगोलग १८९९-१९०० चा. माणसे मेली, जनावरेही मेली. ज्या शेतीला नांगरटीसाठी आठ बैल हवेत, तिच्या दावणीला दोनच उरले तर काय करायचे? किर्लोस्करांच्या कारखान्यातून आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग नांगर निघावा, हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. कडबा बारीक कापून घातला की जनावर तो वाया घालवत नाही, आणि बैल कमी असतील तर नांगर चांगला हवा. दुष्काळाने विचारलेल्या दोन प्रश्नांची ती दोन उत्तरे होती.

लक्ष्मणराव २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचा जीव मात्र चित्रे आणि यंत्रे यांत रमणारा. तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथे कळले की डोळ्यांना रंगांतला फरक नीट ओळखू येत नाही. चित्रकला सुटली, यांत्रिक रेखाटन हाती आले, आणि नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. फावल्या वेळात लक्ष्मणराव तिथल्या यंत्रांशी झटत. कोणाच्या हाताखाली उमेदवारी नव्हती. पुस्तके, स्वतःचे हात आणि चुका हेच गुरू.

तेवढ्यात मुंबईत त्यांना सायकल दिसली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा राहत. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले: लक्ष्मणराव मुंबईहून माल धाडत, रामूअण्णा विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. आज शहराच्या मध्यभागी ज्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात, त्या नावामागे हे दोन भाऊ आहेत. सदर्न मराठा रेल्वे त्याच सुमारास पुण्या-मिरजेकडून बेळगावात येऊन पोचली होती. ज्या आगगाडीने विलायती लोखंड आणून धावडांची भट्टी विझवायला हातभार लावला, तीच आगगाडी किर्लोस्करांच्या सायकली आणि पुढे त्यांचे कच्चे बीड आणणार होती.

मुंबईत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी १८९७ च्या सुमारास नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. पाणी उपसणाऱ्या अमेरिकन पवनचक्क्या विकून, बसवून पाहिल्या. नाना खटपटी केल्या. मग कडबा कापणी यंत्र जमले. त्यानंतर नांगर. समोर नमुना होता विलायती नांगरांचा, जे बड्या जमीनदारांखेरीज कोणाला परवडत नव्हते. लक्ष्मणरावांनी मूळ शोध लावला नाही, हे मोकळेपणाने म्हणावे. त्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. आपल्या बैलाच्या उंचीला, आपल्या मातीला आणि आपल्या माणसाच्या खिशाला बसेल अशा रीतीने तो नांगर नव्याने घडवणे हे मूळ शोधाइतकेच अवघड काम होते.

विषाच्या समजुतीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण तिच्यावरून आपल्या शेतकऱ्याला अडाणी ठरवायची घाई अनेकांनी केली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ साली बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथले गोरे शेतकरी काय म्हणाले? लोखंडाने जमिनीत विष उतरते, तण माजते. नेमके हेच. न्यूबोल्डचा नांगर बुडाला. त्याच्या नांगरात खरी खोट दुसरी होती: तो सबंध एकाच ओतकामात केलेला होता, त्यामुळे टोक मोडले की सगळा नांगर निकामी. १८१९ मध्ये जेथ्रो वुडने सुटे भाग बोल्टने जोडलेला नांगर केला, तेव्हा शेतकऱ्यांची विषाची भीती हळूहळू विरली. माझ्या मते दोन्हीकडे विष हा शब्द वरवरचा होता. खाली दडलेली भीती अशी: हे अवजार मोडले तर माझ्या गावात ते कोणाला दुरुस्त करता येणार नाही, आणि पेरणी माझ्यासाठी थांबणार नाही. लाकडी नांगर मोडला तर सुतार चार घरांपलीकडे होता.

बेळगावच्या पहिल्या नांगरांची परीक्षा इथेच झाली. टोके लवकर बोथट होत. बीड घडीव लोखंडासारखे ठोकून शेवटता येत नाही. घण घातला तर ते फुटते. म्हणजे लोहाराचा इलाज संपला. यावरचा उपाय इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्येच शोधला होता. साच्याची एक बाजू वाळूची न ठेवता लोखंडाची ठेवायची. तापलेले बीड त्या थंड लोखंडाला टेकताच झटकन गोठते, आणि तेवढा थर काचेसारखा कठीण होतो. फाळाची खालची बाजू अशी कठीण केली की वरची मऊ बाजू आधी झिजते आणि धार आपोआप राहते. मातीच फाळ पाजवते. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बिडात कशाचे किती मिश्रण, साचा किती तापलेला, ओतणाऱ्याचा हात किती स्थिर, यांवर सारे अवलंबून. थोडे चुकले की फाळ बांगडीसारखा तडकतो. परदेशी पुस्तके वाचून, ओतून, फोडून, पुन्हा वितळवून बेळगावच्या माणसांनी ही विद्या कमावली. फाळ सुटा मिळू लागला, बोल्ट काढून शेतातच बदलता येऊ लागला, आणि मग गिऱ्हाईक वळले.

बेत जमू लागला तोच जागा गेली. १९१० च्या तोंडावर बेळगाव नगरपालिकेने वाढत्या वस्तीसाठी कारखान्याची जमीन हवी म्हणून तो हलवायला सांगितले. त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानातले एक बांधकाम होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण समजली. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा देऊ केली आणि वर कर्जाऊ पैसेही दिले. बत्तीस एकर माळ. त्यावर निवडुंग आणि निवडुंगात साप. पण आगगाडीचा रस्ता तोच, पुणे-बेळगाव मार्गाचा. यंत्रे, साचे, माणसे त्याच रुळांवरून उत्तरेला गेली. मार्च १९१० मध्ये तिथे कामाला सुरुवात झाली, आणि पुढे स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

बेळगावने त्या वर्षी काय गमावले, हे त्या वेळी कोणाला उमगले असेल असे दिसत नाही. एका बाजूला वस्ती वाढवायची नगरपालिकेची निकड खोटी नव्हती. पण ज्याने सात वर्षे खपून ओतकामाची शाळाच उभी केली होती, त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला चार एकर देणे अशक्य होते का? चौदा वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, याच बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि स्वदेशीचा गजर झाला. तोवर गावातला सर्वांत जातिवंत स्वदेशी धंदा औंध संस्थानात जाऊन फोफावला होता. मी याला बेळगावची चूक म्हणतो.

१९१४ साली महायुद्ध पेटले. विलायती नांगर यायचे थांबले, त्यामुळे देशी नांगराला मागणी आली. पण विलायतेचे कच्चे बीडही यायचे थांबले. नांगर हवेत आणि लोखंड नाही, अशी कोंडी. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. किल्ल्यावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी किर्लोस्करांना वितळवायला दिल्या. शतकानुशतके ज्या धातूने शेते तुडवली, तोच धातू भट्टीत जाऊन फाळ झाला आणि शेतात परतला. इतिहासप्रेमी माणसाला तोफा वितळल्याचे दुःख होईल, ते मी समजू शकतो. तरी शाहू महाराजांचा तो निर्णय मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीशी सुसंगत वाटतो.

युद्ध संपले तेव्हा लोखंडी नांगराबद्दलची शंका मिटली होती. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांना कळावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. पुढे ते नुसते 'किर्लोस्कर' झाले, आणि त्याच्या पाठोपाठ 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. मराठी मध्यमवर्गाला घडवणाऱ्या या मासिकांची पहिली मुळी नांगराच्या गिऱ्हाइकांत रुजली होती. हेच शंकरराव पुढे लक्ष्मणरावांचे चरित्रकार झाले. 'यांत्रिकाची यात्रा' हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी जरूर मिळवून वाचावे.

नांगराने शेती किती बदलली? खोल नांगरट होऊ लागली, माती उलटी पडून उन्हात तापू लागली, हरळी-कुंद्याची मुळे वर आली. ऊस, भुईमूग, तंबाखू या रोख पैसा देणाऱ्या पिकांना भुसभुशीत, खोल रान लागते. ते आता कमी जोड्यांत साधू लागले. किर्लोस्करांकडून नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, पंप बाहेर पडू लागले. निपाणीच्या तंबाखूपेठेची जी भरभराट झाली, तिच्या पायात बाजारभाव, विडीचा धंदा आणि काळी जमीन हे सगळे आहे, फाळही आहे. पण तो फायदा सगळ्यांना सारखा मिळाला नाही. ज्याच्याकडे दोन धडक्या बैलजोड्या, त्याने नांगर घेतला. एकजोडीवाला भाड्याने नांगरून घेऊ लागला. सुताराचे आणि लोहाराचे बलुते हळूहळू आटले. फाळ दुकानात मिळू लागल्यावर ऐरणीपाशी थांबायचे कारण उरले नाही. आणि रान कितीही खोल नांगरले तरी मालाचा भाव शेतकऱ्याच्या हाती आला नाही, हे १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाने सगळ्या देशाला दाखवले. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि माणसे मेली. अवजार श्रम हलके करते. बाजार न्यायी करणे त्याच्या आवाक्यातले नसते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेले. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सह्याद्रीचे खनिज, घाटमाथ्याची भट्टी आणि खालची काळी जमीन हा जो एक सलग मुलूख होता, त्याच्या मधून राज्याची सीमा गेली.

तरी ओतकाम बेळगावला परतले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्यमबाग, मच्छे, अनगोळ भागांत फौंड्र्या उभ्या राहिल्या. पंपांची, व्हॉल्व्हची, मोटारींच्या भागांची कास्टिंगे इथून पुण्या-मुंबईला आणि परदेशी जाऊ लागली. शेजारी कोल्हापुरात शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांच्या जोरावर तशीच मोठी फौंड्रीनगरी वाढली. १९६९ साली बेळगावला इंडाल कंपनीचा ॲल्युमिनाचा कारखाना निघाला. ज्या जांभ्या सड्यांवर धावड लोहखनिज वेचत, त्याच सड्यांवरचे बॉक्साइट त्याला लागू लागले. निपाणीहून बेळगावला येताना महामार्गावर हत्तरगी लागते. तिथे २००९ पासून विमानांचे सुटे भाग घडवणारे विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आणि त्यात दहा हजार टन दाबाचा फोर्जिंग प्रेस चालतो. तत्त्व लोहाराचेच: तापवा आणि दाबा.

फौंड्रीत एकदा तरी जाऊन उभे राहावे. काळ्या वाळूचा वास, साच्यावरून उठणारी निळी ज्योत, आणि पळीतून बीड सोडताना ओतणाऱ्याने रोखलेला श्वास. बहुतेक ठिकाणी कोकवर चालणाऱ्या जुन्या भट्टीची जागा विजेच्या इंडक्शन भट्टीने घेतली आहे, पण साचा भरणाऱ्याच्या बोटांना वाळूचा ओलावा जसा कळतो तसा अजून कशाला कळत नाही. मराठी आणि कानडी तिथे एकाच वाक्यात कानावर पडतात. दोन्ही भाषांतल्या या हातांवर आपल्याकडे जेवढे लिहिले गेले पाहिजे, त्याच्या शतांशही लिहिले गेलेले नाही.

या भट्ट्यांना भंगार लागते. जुने बीड नव्या बिडात मिसळतात. तो धंद्याचा नियमच आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, गडहिंग्लजकडच्या कितीतरी वाड्यांच्या परड्यात ट्रॅक्टर आल्यापासून बिडाचे नांगर गंजत पडले आहेत, आणि भंगारवाला दारावरून हाका देत फिरतो. किलोवर विकलेला तो नांगर उद्या एखाद्या मोटारीच्या ब्रेकचा भाग होईल. वाचकहो, आपल्या परड्यात असा नांगर असेल तर तो देऊन टाकण्याआधी एकदा चिंध्यांनी आणि रॉकेलने पुसून पाहा. त्यावर ओतलेली अक्षरे आणि आकडे असतील; ते उतरवून घ्या, फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो कधी, कितीला, कुठून आणला ते विचारून लिहून ठेवा. आणि शक्य असेल तर तो नांगर गावच्या शाळेला द्या. दर्शनी जागी दोन दगडांवर ठेवला तरी पुरे.